बिरुदेवाचं पुणं

सोलापूरच्या स्टँडवर पुण्याची गाडी फलाटाला लागली, तरी रुपाली बाकावरून उठेना. धुळानं गाठोडं खांद्यावर घेतलं, बायकोला दोनदा हाक मारली. तिचा जीव मंद्रूपजवळच्या वस्तीत अडकला होता. चार वर्षांच्या तेजूला सकाळीच सासूजवळ सोडलं होतं. पोरीच्या मुठीतून पदर सोडवताना तिला काय वाटलं, ते तिचं तिलाच माहीत.

पुणंच का, असं कुणी विचारलं असतं, तर दोघांना एकच नाव सांगता आलं असतं: बिरुदेव. वस्तीतला हा पठ्ठ्या तीन वर्षांपूर्वी पुण्याला गेला. सणाला बाकरवडीचे पुडे घेऊन यायचा आणि काम मिळतं ते पुण्यातच, असं छातीठोकपणे सांगायचा. त्याच्या शब्दावर आणखी नऊ पोरं गेली. सोलापुरात काही मिळतंय का, हे बघायला कुणी थांबलंच नाही. सोलापूर म्हणजे गाडी बदलायची जागा!

तेवढ्यात रुपाली ताडकन उठली. समोर कंपनीचा निळा शर्ट घातलेला, हातात डबा घेतलेला बिरुदेव उभा होता. यांना पाहताच तो चक्क खांबाआड सरकला.

"भावजी, तुमी हितं?"

बिरुदेवाचा चेहरा पडला. "वैनी, पाया पडतो, गावात बोलू नका. दीड वर्स झालं, हितं सोलापुराजवळच चिंचोळीच्या एमआयडीसीत हाय. पुण्यात निम्मा पगार खोलीभाड्यातच जायचा. पन सासऱ्यानं पोरगी दिली ती पुण्याचा जावई म्हनून. कसं सांगू?"

धुळाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आन् ती बाकरवडी रं?"

"हितंच मिळती की, नव्या पेठेत."

"तुझ्या नादानं आमी पोर मागं टाकून निघालो! आन् ती नऊ जनं? ती तरी पुण्यात हायती का?"

"कुटलं पुणं? समदी चिंचोळीतच हायती. त्यांची बी लग्नं जमायचीत की." मग हळूच म्हणाला, "बायामानसांना बी काम हाय हितं. मानसं पुरंनात."

धुळानं हात उगारला. रुपाली मात्र मटकन बाकावर बसली आणि हसू लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली. पुण्याची गाडी निघून गेली. तिनं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही, सासूला फोन लावला.

"आत्या, पुणं लई जवळ निघालं. तेजूला सांजच्याला मीच भरवते."