आडनाववाले आजोबा

“आडनाव म्हणजे माणसाच्या पाठीशी उभं असलेलं हजार वर्षांचं सैन्य!” आजोबांनी हात उंचावून जाहीर केलं, आणि पायाखालचं स्टूल डुगडुगलं. सैन्याला वाऱ्यावर सोडून त्यांनी कपाट धरलं.

“उतरा खाली. बल्ब मी बदलते,” ती म्हणाली.

“नको. परक्या माणसाला मी घरकाम सांगत नाही. घरचं कोणी आलं की बघू.”

“कधी येणार आहे घरचं कोणी?”

“ते त्यांनाच ठाऊक,” म्हणत आजोबा एकेक पाय चाचपत उतरले. छताचा बल्ब दोन महिने बंद होता.

ती टपालखात्यात सॉर्टिंगला होती. बारा वर्षांत लाखो आडनावं तिच्या हाताखालून गेली होती. तिचं स्वतःचं तेवढं एकदाही आलं नव्हतं. या घराची पत्रं मात्र आठवड्याला दोन-चार असायचीच. पाकिटावर नुसतं ‘आडनाववाले आजोबा’ आणि गल्लीचं नाव. लोक आपल्या आडनावाचा अर्थ विचारायचे, आजोबा उलट टपाली कळवायचे. कोणाचे पूर्वज सेनापती निघत, कोणाचे किल्लेदार. साधा शिपाई कोणाच्याच घराण्यात नव्हता. मग लढायचं कोण, हे आजोबांना आजवर कोणी विचारलं नव्हतं.

त्यांनी चहा ओतला. टेबलावर डाग पडू नयेत म्हणून कप एका जुन्या लाकडी फळीवर ठेवले आणि कोरी चिठ्ठी पुढे सरकवली.

“लिहून द्या. तोंडी घेत नाही मी. आडनाव सांगताना लोक छाती फुगवतात, अक्षरं घशात राहतात.”

तिनं लिहून दिलं. आजोबांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, मग दोन्ही खिसे चाचपू लागले.

“भिंग गळ्यात आहे तुमच्या.”

“हो की.” पण त्यांनी ते डोळ्याला लावलं नाही. “कोणाचं म्हणालात हे?”

“माझं. बाबांकडून आलेलं. ते अनाथालयात वाढले. तिथं त्यांना सांगितलेलं, आडनावाची चिठ्ठी तुझ्या दुपट्याला टाचलेली होती. म्हणजे त्या आडनावाची माणसं कुठंतरी असणारच, असं त्यांनी धरलं. नव्या गावात उतरलं की आधी टेलिफोनची डिरेक्टरी चाळायचे. आई म्हणायची, तुमचं खानदान भलतंच लाजाळू दिसतंय. गेल्या वर्षी गेले बाबा. शेवटी म्हणाले, एक जरी सापडला, तरी माझ्या वतीनं भेटून ये.”

आजोबा बराच वेळ चहा ढवळत राहिले. साखर घालायची राहिलीच होती.

“सेनापती चालेल?” त्यांनी विचारलं.

“नको. खरं काय ते सांगा.”

“चिठ्ठी-बिठ्ठी काही नव्हतं. तान्ह्या पोरांना आडनावं तिथला कारकून द्यायचा. रकाना कोरा ठेवायचा नाही, एवढाच नियम. बावीस वर्षांचं कार्टं ते, त्याला काय सुचणार? टेबलावर जे दिसेल त्यावरून ठेवायचा. दौत दिसली, दौतीवरून. टाचणी, घंटा, कुलूप. त्या वर्षी पोरंही फार आली.”

“म्हणजे बाबांचं आडनाव...”

“टेबलावरची वस्तू.”

जन्मभर बाबा एका टेबलाचे नातेवाईक शोधत हिंडले. तिला हसू आलं आणि अर्ध्या वाटेत त्याचं भलतंच काहीतरी झालं. तिनं पदरानं डोळे टिपले.

“म्हणजे कोणीच नाही,” ती म्हणाली. “कुठली वस्तू, ते तरी सांगा. घरी फोटोपुढं सांगेन.”

“संध्याकाळ झाली होती. दौत, घंटा, सगळं वाटून संपलेलं. पोरानं कारकुनाचं बोट मुठीत धरलेलं, काही केल्या सोडेना. टेबलावर एकच वस्तू उरली होती. त्यानं तीच दिली. साहेब असे भडकले की आठवड्यात कारकुनाची बदली. चिठ्ठीची गोष्ट साहेबांनीच रचली असणार. पुढं तो विचारायला गेला, तर पोर दुसऱ्या गावी पाठवलेलं. कोणत्या, ते सांगेनात.”

“एवढं सगळं तुम्हाला कसं ठाऊक?”

“चहा सांडलाय तुमचा. कप उचला, ती फळी जरा पुसून घ्या.”

तिनं कप उचलले. फळीखाली ओघळ गेला होता म्हणून ती उलटी केली. कचेरीत टेबलावर ठेवतात तशी नावाची पाटी होती ती. कोरलेल्या अक्षरांतला पांढरा रंग बराच उडालेला होता, पण आडनाव स्वच्छ वाचता येत होतं. तिचंच होतं.

आजोबा तोवर उठून स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे होते.

“वाचून झालं असेल, तर तेवढा बल्ब बदल गं.”