वरचा थर

सावनेरकडचं ते गाव खाणीसाठी कधीच उठवलेलं. खाण आणखी पुढं सरकण्याआधी तिथली जुनी वस्ती खोदून पाहायला पुरातत्त्वाच्या डिप्लोमाची पोरं आली होती. शहरातल्या नंदनवनची पायल पहिल्यांदाच खड्ड्यात उतरली होती. वरच्याच थरात तिला मातीची फुटकी चूल लागली. "कालपरवाची दिसते," म्हणत तिनं ती घमेल्यात घातली आणि ढिगाऱ्यावर उपडी केली.

दुपारी बरंच खाली एक खापर निघालं. त्यावर कुंभाराच्या बोटाचा ठसा होता. सरांनी ते सगळ्यांना उंच धरून दाखवलं. "अडीच हजार वर्षांपूर्वीचं बोट आहे हे!" टाळ्या पडल्या. पायलनं ते हलक्या हातानं कापसात गुंडाळलं. उठलेल्या गावच्या चार बाया काठावरून पाहत होत्या.

त्यांतलीच एक थोड्या वेळानं ढिगाऱ्यावरून चुलीचा तुकडा पदरात घेऊन निघाली.

"ओ मावशी! चोरून काय नेऊन राहिल्या? ठेवा ते खाली!" पायल ओरडली.

बाईनं तुकडा खाली ठेवला. चुलीच्या कडेवर सारवताना उठलेल्या खुणा होत्या. त्यांवर तिनं आपली बोटं टेकवली. चारही नेमकी बसली.

पायलला तोंड कुठं लपवावं कळेना. बाई रागावली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"पोरी, आमच्या बोटायले कापूस भेटाले अजून किती वर्सं लागतीन वं?"