शिसव की बिबळा

इन्स्पेक्टरने काचेची डबी टेबलावर ठेवली. आत नखाएवढी लाकडाची ढलपी होती, एका कडेने काळपट लाल.

"तुमच्या ताईच्या डोक्यातून काढली," तो म्हणाला आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागला.

धाकटीने डबी उजेडात धरली. हात जरासुद्धा हलला नाही. लाकडाच्या प्रयोगशाळेत तिची ख्यातीच ती! केसाहून पातळ काप काढायचा तर तिनेच.

"खरं तर हे काम सख्ख्या बहिणीला द्यायचं नसतं, मॅडम. पण दुसरं कोणी आहे कुठे? आणि तुम्ही त्याची बाजू घ्याल असं कोण म्हणेल?"

त्याची म्हणजे भाऊजींची. ताईला असलं मारलं होतं, की आईला फक्त पाय दाखवले. डोकं वाचवायला वर केलेल्या हातांची बोटं मोडून पार उलटी फिरली होती. भाऊजी म्हणत होते, चोर आला होता. त्यांची शिसवी काठी घरात सापडली खरी, आता ती इथेच टेबलाला टेकवलेली होती, पण धुतलेली, रंधा मारलेली, वर तेल पाजलेली. रक्ताचा टिपूस नाही. आता ढलपी सांगेल तेच खरं.

"जुळलं तर फाशीच ना?" तिने विचारलं.

इन्स्पेक्टर कसनुसा हसला. "वकील म्हणेल, रागाच्या भरात झालं. हा चार-पाच वर्षं काढून सुटेल."

"आत मारतात?"

"कोण मारतंय? दोन्ही वेळ जेवायला घालतात."

तिने ढलपी आणि काठीचा एक तुकडा उकळून मऊ केले, काप काढले आणि काचपट्टीवर चढवायला आतल्या खोलीत गेली. तिथे भिंतभर खण, आणि प्रत्येक खणात तयार पट्ट्या. शिसव, बिबळा, करंज, खैर, चिंच. सगळी शेंगांची झाडं, एकाच गोतावळ्यातली. काही तर सख्ख्या भावंडांसारखी दिसणारी.

बाहेर येऊन तिने दोन पट्ट्या मायक्रोस्कोपखाली शेजारी-शेजारी सरकवल्या. "बघा. डावीकडे काठी, उजवीकडे ढलपी."

"मला तर दोन्हीकडे ओळीने लावलेल्या होड्याच दिसतायत."

"होड्यांची जाडी बघा. काठीत दोन-तीन पेशी जाड, ढलपीत एकेरी, माळ ओवल्यासारखी. काठी शिसवाची आहे, ढलपी बिबळ्याची. ही काठी ती नव्हे."

इन्स्पेक्टरचा चेहराच पडला. "मॅडम, अहो, तुमची बहीण..."

"लाकूड नातं बघत नाही."

"मग सोडावं लागेल त्याला."

"सोडा. काठी इथूनच न्यायला सांगा."

घरी आईने पायातली चप्पल काढली आणि तुटेपर्यंत तिला मारलं. "पोटच्या पोरीच्या खुन्याला सोडवलंस! दगड जन्माला आला असता तर बरं!" धाकटीने मार खाल्ला, ओठ पुसला, तुटलेली चप्पल कोपऱ्यात ठेवली.

सुट्टीच्या दिवशी भाऊजी आले. कडक इस्त्री, अत्तराचा भपका. प्रयोगशाळेत तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

"काय मेहुणीबाई! मला वाटलं तू लटकवणार मला."

"असं कसं, भाऊजी. बसा ना."

"बसत नाही. काठी दे."

"देते की. आधी बघा तरी, कशाने सुटलात ते. डावीकडे तुमची काठी, उजवीकडे ती ढलपी. ढलपीत एकेरी माळा दिसतात का बघा."

भाऊजी खुशीत स्टुलावर बसले आणि मायक्रोस्कोपला डोळे लावले. मागे दाराची कडी सरकल्याचा आवाज झाला.

"कुठायत गं माळा? दोन्हीकडे सगळं जाडंच आहे."

"नीट बघा."

"बघतोय की! अगं, मला अडाण्यालाही कळतंय. दोन्हीकडे एकच लाकूड आहे हे!"

"हो," धाकटी म्हणाली आणि तिने शिसवी काठी दोन्ही हातांनी उचलली. "आता हात वर करा, भाऊजी."