रोजचा एक विचार

सुकन्या जिना उतरून खाली आली तेव्हा शेषेराव पार्किंगमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर डबा मांडीवर घेऊन बसले होते. मुलींच्या हॉस्टेलात बापांना वर सोडत नाहीत, म्हणून लातूरच्या त्या ट्यूशनच्या गल्लीत रविवारच्या भेटी पार्किंगमध्येच होतात. आजूबाजूला दोन-तीन कुटुंबं सतरंज्या टाकून जेवत होती.

“न सांगता कसं काय आलाव पप्पा?”

“तुझा रिप्लाय न्हाई चार दिवस. म्हणलं, जाऊन यावं.”

शेषेराव कंधारच्या बसस्टँडवर माइकवरून गाड्या पुकारायचे. मेंदू कसा शिकतो, माणूस का विसरतो, गर्दीत शहाणी माणसं वेडी का होतात, असलं जे जे वाचायला मिळेल ते मोबाइलमध्ये साठवून ठेवायचा त्यांना नाद होता. रोज सकाळी त्यातला एक विचार ते स्वतःच्या आवाजात बोलून लेकीला पाठवत. पहिल्या वर्षी तिच्या खोलीतल्या मुलीही ते ऐकायच्या. त्या मुली आता डॉक्टरकीला लागल्या होत्या. सुकन्याचं प्रवेश परीक्षेच्या तयारीचं हे तिसरं वर्ष.

त्यांनी डबा उघडला. तिनं एक धपाटं घेतलं, तुकडा मोडला आणि हातातच धरून बसली. चेहरा उतरला होता. नखं पार कातडीपर्यंत कुरतडलेली.

शेषेरावांनी घसा साफ केला. “एक नवीन सापडलंय माय. आपली चूक झाली ना, तवाच मेंदू सगळ्यात जास्त...”

“पप्पा,” ती हळूच म्हणाली, “मी सगळं करायले. तुम्ही म्हणलाव झोप, तर झोपायले. पुस्तक मिटून आठव म्हणलाव, तर आठवायले. दुसऱ्याला शिकव म्हणलाव, तर रूममधी कुणी नसलं की भिंतीला शिकवायले. एकबी सोडलं न्हाई मी.”

“मला ठावं हाय ते.”

“मग हे सगळं करूनबी ज्याला जमत न्हाई, त्याच्यावर कुणी काही शोधलंय का?”

तिनं टोमणा मारला नव्हता. ती खरंच विचारत होती.

शेषेरावांनी चष्मा लावला, मोबाइल काढला आणि अंगठ्यानं वर सारत राहिले. पिंजऱ्यातले उंदीर, एका गोळीसाठी धीर धरून बसलेली पोरं, एकमेकांचं बघून शिकणारी माकडं, वाट चुकलेल्या मुंग्या, सगळं होतं. सुकन्या त्यांच्या अंगठ्याकडं बघत बसली होती.

“बघतो,” शेवटी ते म्हणाले. “असंल. इतकं शोधायलेत लोक.”

चल घरी, हे त्यांच्या अगदी तोंडावर आलं होतं. पण मोठ्यांचा भरवसा असला की लेकरू तसं घडतं, आणि भरवसा सुटला की त्याला न सांगता कळतं, हेही त्यांनीच तिला पाठवलं होतं. तो विचार त्यांना इतका आवडला होता की दोनदा पाठवला होता.

“दोन दिवस घरी येतीस का? आईलाबी बरं वाटंल.”

सुकन्यानं मान वर केली. “मला होणार न्हाई, असं वाटायलंय का तुम्हाला?”

“तसं कुठं म्हणलं मी?”

“मग?”

ये म्हणावं तर ती काय समजेल ते दिसत होतं, आणि राहा म्हणावं तर तिची नखं दिसत होती.

“सहज आपलं,” ते म्हणाले.

शेजारच्या सतरंजीवर एक आई मुलीच्या ताटात बळंच दही वाढत होती. ती मुलगी हसत नको नको करत होती.

“मला शिकव,” शेषेराव एकदम म्हणाले. “भिंतीला कशाला? मी बसलोय की.”

ती वर जाऊन पुस्तक घेऊन आली. हृदयाचा धडा उघडून तिनं पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतःला दिसणार नाही अशी समोर बसली. सुरुवात छान केली. अशुद्ध रक्त उजव्या बाजूला कसं येतं, तिथून फुप्फुसात कसं जातं, शुद्ध होऊन डाव्या बाजूला कसं परततं, हे ती हात हलवून हलवून सांगत होती. शेषेरावांना सगळं समजत होतं. लेकीच्या तोंडाकडं बघता बघता त्यांना वाटलं, हिला येतंय की. हिला नाही तर कुणाला यायचं?

“आता डावीकडच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात यायला मधी एक झडप असती,” ती म्हणाली. “तिचं नाव...”

आणि थांबली.

शेषेरावांचं बोट पुस्तकात त्या शब्दाखालीच होतं. अशा वेळी सांगायचं नसतं, आठवू द्यायचं असतं, त्या धडपडीनंच गोष्ट डोक्यात रुजते, हे त्यांना पाठ होतं. ते गप्प बसले. सुकन्या वर छताकडं बघत होती. तिचे ओठ हलत होते. मग ओठही थांबले आणि अंगठ्याचं नख दातांत गेलं. एक मोटारसायकल आत आली, स्टँडला लागली, माणूस उतरून निघून गेला. तिच्या डोळ्यांत पाणी साचत चाललं होतं आणि ती ते पडू देत नव्हती.

“मायट्रल,” शेषेराव म्हणाले.

सुकन्यानं त्यांच्याकडं पाहिलं.

“येत होतं मला, पप्पा.”

“हाव माय,” ते म्हणाले. “येत होतं.”

ती पुढं सांगेल म्हणून ते थांबले. तिनं अंगठा पुन्हा दातांत धरला. त्यांचं बोट अजून त्या शब्दाखालीच होतं. ते उचलून कुठं ठेवावं, हे त्यांना कळेना.