लाल चिठ्ठी

"ही गाडी आहे का होडी, ते आधी ठरवा," रस्त्याच्या ऑफिसच्या खिडकीतले सोपानराव म्हणाले आणि त्यांनी अर्ज परत सरकवला.

"दोन्ही हाय साहेब," कोंडीराम नवव्यांदा म्हणाला.

पण संगणकात 'दोन्ही' असा रकानाच नव्हता. रस्त्याच्या ऑफिसचं म्हणणं, मागचा पंखा काढा, नाहीतर आधी होडीचा कागद आणा. पाण्याच्या ऑफिसचं म्हणणं, चाकं काढा, नाहीतर आधी गाडीचा कागद आणा. पंखा काढला तर ती पाण्यात चालणार नाही आणि चाकं काढली तर चाकणपर्यंत पोचणार नाही, हे दोन्हीकडं पटत होतं. माणसं वाईट नव्हती. सोपानरावांनी तर त्याला दोनदा चहा पाजला होता. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

आणि भांडायला तोंड कुठं होतं? कोंडीराम स्वतः चाकणच्या एका कारखान्यात तपासनीस. कागद पुरा नसलेल्या मालाला लाल चिठ्ठी बांधायची आणि चिठ्ठीचा माल जागचा हलू द्यायचा नाही, हे त्याचं बावीस वर्षांचं काम. मॅनेजर हातापाया पडला तरी तो चिठ्ठी सोडत नसे. याचा त्याला चांगलाच अभिमान होता.

त्याची थोरली बहीण कस्तुरा धरणापलीकडच्या वाडीत राहायची. मूत्रपिंडं निकामी झालेली, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला चाकणला यावं लागे. पाण्यावरून अलीकडचा काठ जेमतेम एक किलोमीटर, घाटातून वळसा घालून अडतीस. लाँच बंद पडून तीन वर्षं झालेली. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की वाडी तुटायचीच. म्हणून कोंडीरामनं एक जुना तीनचाकी टेम्पो घेतला, खालून पत्रा जोडून बंद केला आणि मागं पंखा बसवला. ट्रकवर घालून तो मोशीच्या पाणी साचलेल्या खाणीत नेला, कांद्याची सहा पोती भरून पाण्यावर सोडला. थेंबभर पाणी आत आलं नाही. मग टेम्पो शेडमध्ये लावून, कागद होईपर्यंत म्हणून, त्यानं आपल्याच हातानं आरशाला लाल चिठ्ठी बांधली.

जुलैत दरड पडली. कस्तुराचं गुरुवारचं डायलिसिस हुकलं. शनिवारी सकाळी तिचा फोन आला तेव्हा तिला धाप लागली होती.

"कोंड्या, तुझी गाडी पाण्यात चालती न्हवं?"

"चालती की आक्का."

"मग ये की रं."

"कागद न्हाई गं. वाटंत धरून जप्त केली तर कायमचीच जाईल. सोमवारी मोठं साहेब सही करनार हायेत, सोपानरावांनी शब्द दिलाय. दोन दिस काढ."

तिनं धाप आवरली. मग म्हणाली, "बरं. तू म्हणतुस तर काढती."

रविवारी दुपारी तिच्या नवऱ्याचा, ज्योतीरामांचा, फोन आला. "कोंडीराम, तुझी आक्का गेली रं." मग ते म्हणाले, "माहेरचं लुगडं अंगावर पडल्याबिगर उचलता येत न्हाई. घाट तर बंद हाय. कसा येनार बाबा?"

कोंडीरामनं हिरवं लुगडं घेतलं आणि शेड उघडली. चिठ्ठीची गाठ सुटेना. गाठ त्याचीच, पक्की. शेवटी त्यानं ती दातानं तोडली. अर्ज, पावत्या, फोटो, सगळी फाइल शेजारी ठेवली आणि कोणी अडवलं तर काय सांगायचं ते घोकत तो निघाला.

चाकणच्या चौकात हवालदारानं हात केला. कोंडीरामनं फाइलला हात घातला. हवालदारानं हात केला होता तो मागच्या कंटेनरला थांबवायला. याला त्यानं पुढं जायची खूण केली. तपासणी नाक्यावर दोघं साहेब वडापाव खात उभे होते. एकानं मागचा पंखा बघितला, हसला आणि मोबाइलवर फोटो काढून घेतला. धरणाकाठच्या चौकीला कुलूप होतं. टेम्पो उतारावरून पाण्यात गेला, जरासा डुलला आणि तरंगू लागला. पलीकडं पोचायला अकरा मिनिटं लागली.

ज्योतीराम काठावर उभे होते. त्यांनी टेम्पोकडं पाहिलं, मग फाइलकडं.

"झाला व्हय कागद?"

"न्हाई." लुगडं छातीशी धरून कोंडीराम तिथंच चिखलात बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. "सबंद वाटंत कुनी इचारलाच न्हाई, दाजी."