खाडीपलीकडच्या भाकऱ्या

"त्या देशांचे हात झडोत!" सोनूबाई माईकवर ओरडली.

अलिबागला सरकारी कचेरीच्या फाटकासमोर गावातल्या बायका भर उन्हात बसल्या होत्या. सोनूबाईचा मुलगा कुलदीप रशियाला गेला तो क्रेन चालवायला. निदान एजंटनं तरी तसंच सांगितलं होतं. तिथं उतरल्यावर न कळणाऱ्या कागदांवर त्याच्या सह्या घेतल्या, हातात बंदूक दिली आणि युक्रेनमध्ये लढायला ढकललं. तेव्हापासून एजंटचा फोन बंद. मेल्याला जमिनीनं गिळलं की काय कोण जाणे. कुलदीपचाही पत्ता नव्हता.

सोनूबाईनं आधी एजंटला शिव्या घातल्या, मग सरकारला. आता पाळी युक्रेनला मदत करणाऱ्या देशांची होती. कुणी तोफा पाठवतंय, कुणी औषधं, कुणी विमानं भरून गरम कपडे. टीव्हीवर हे बघून रोज तिचं डोकं भणभणायचं.

"यांना कुनी बोलावलं व्हतं मधी पडाया? यांनी मदत धाडली नसती तर लढाई कवाच मिटली असती. माझा पोर आज घरी असता! परक्यांच्या भांडनात नाक खुपसतात मेले!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. का वाजवू नयेत? पोटचा पोर गेला की आई दुसरं काय बोलणार!

तेवढ्यात तिची मुलगी हेमांगी फोन उंच धरून गर्दीतून धावत आली. "आये, दादा! दादा हाय फोनवर!"

पडद्यावर कुलदीपच होता. दाढी वाढलेली, पायाला प्लास्टर, मागे एक नर्स. तो युक्रेनच्या कैदेत होता, पण जिवंत होता. सोनूबाई ढसाढसा रडली आणि रडता रडताच तिला पुन्हा संताप आला. तिनं फोन माईकला लावला.

"बोल बाला, समद्यांना ऐकू दे. काय हाल केले रे त्यांनी तुझे?"

"हाल न्हाय केले, आये. माझा पाय मोडला तवा आमचे रशियन साहेब मला चिखलात टाकून पळाले. या युक्रेनवाल्यांनीच उचलून आनलं. यांना बाहेरच्या देशांतनं औषधं येतात, त्यातलीच मलाबी देतात."

"तुला हे बोलाया लावलंय व्हय?"

"मराठी कुनाला कळतंय हितं?" कुलदीपचा आवाज चढला. "हेमांगीच्या फोनवर तुझं भाषन ऐकलं मी. आये, आपल्या शेतांवर कंपनी आली ते साल आठव. ग्रामसभेत समद्यांनी हात वर करून नको म्हटलं. तरी ते जेसीबी घेऊन घुसले. तुम्ही बाया बांधावर आडव्या पडल्या. गावात कुनाची चूल पेटत नव्हती. तवा खाडीपलीकडची गावं घरटी दोन भाकऱ्या काढायची, होडी भरून धाडायची. त्यांची मानसं काठ्या घेऊन आपल्या बाजूला हुबी ऱ्हायची. कंपनीवाले काय बोलायचे तवा? बोलायचे, या गावांनी भाकऱ्या थांबवल्या तर भांडन एका दिवसात मिटंल."

फाटकासमोर दोघीतिघींनी माना डोलावल्या. तेव्हा बांधावर आडव्या पडलेल्या याच बायका होत्या.

"मिटलं असतं!" सोनूबाई जुन्याच रागानं उसळली. "आपली जमीन गेली असती आनि मिटलं असतं! त्या मेल्यांना कोन इचारत व्हतं?"

"तेच सांगतोय, आये," माईकमधून कुलदीपचा आवाज थेट रस्त्यापर्यंत गेला. "हितं जेसीबीवर बसून मी आलोय."