हाडांचं वजन

सतरा नंबरचं हाड कुमुदनं तिसऱ्यांदा काट्यावर ठेवलं. चार किलो तीनशे. रजिस्टरमध्ये गेल्या वर्षीच्या, पहिल्यांदाच झालेल्या वजन-तपासणीचा आकडा तिच्याच अक्षरात होता: दोन किलो शंभर.

अठरा कोटी वर्षं खडकात पडून राहिलेलं हाड एका वर्षात दुपटीनं जड होत नाही, हे कळायला शास्त्रज्ञ असण्याची गरज नव्हती. कुमुद शास्त्रज्ञ नव्हतीच. दिल्लीतल्या एका सरकारी जीवाश्म-संग्रहाचं भांडार ती सांभाळायची. चाव्या तिच्याकडे, नोंदी तिच्या, आणि काही गहाळ झालं तर जबाबदारीही तिचीच. निवृत्तीला सात महिने उरले होते.

तिनं बाकीची खोकी उघडली. सिरोंच्याच्या बाजूला, कोटा नावाच्या खडकथरांत सापडलेल्या डायनासोरची एकूण नऊ हाडं. नवांपैकी आठ जड झाली होती.

कोणीतरी खरी हाडं काढून घेऊन त्या जागी सिमेंटचे तुकडे रंगवून ठेवत होतं. नववं आता रांगेत असणार.

ही खोकी वर्षभरात एकट्या जयदीपनं उघडली होती. चंद्रपूरचा हा तरुण शास्त्रज्ञ मार्चमध्ये रुजू झाला, तेव्हा कुमुदनंच त्याला कौतुकानं घरी जेवायला बोलावलं होतं. अधूनमधून तो सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा. खांद्यावरच्या बॅगेचा पट्टा ताणलेला असायचा. संध्याकाळी जाताना मात्र तीच बॅग हलकी लोंबत असायची.

तिनं फाटकावरच्या गार्डला गाठलं.

"जाते वक्त सबकी बॅग देखते हैं, मॅडम. जयदीप साहब की भी. टिफिन और किताबें, बस."

म्हणजे गार्डही सामील होता की काय?

शुक्रवारी मयूर विहारला घरी पोहोचल्यावर पर्स बाजूला टाकून तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. दुसऱ्या कोणाला सांगणार? ही हाडं विश्वासनंच तर उमेदीच्या काळात खणून काढली होती. त्याच संग्रहातून तो सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता. त्यांच्यावरचा शोधनिबंध मात्र आयुष्यभर 'आता लिहितो, मग लिहितो' करत राहूनच गेला होता.

"वजनकाटा बिघडला असेल," विश्वास म्हणाला.

"आठच हाडांपुरता? अहो, तुमची हाडं आहेत ती! तुम्हाला राग कसा येत नाही?"

त्यानं ताटातली भाकरी मोडली, पण खाल्ली नाही. "मुलगा चांगला आहे, कुमुद."

"चांगला! जेवायला आला होता तेव्हा तुम्ही त्याला तासभर समोर बसवून सगळं समजावलंत आणि त्यानं तुमच्याच कामावर हात मारला. मी आज वृंदा मॅडमना मेल टाकतेय."

"सोमवारपर्यंत थांब."

"का? सोमवारी काय होणार आहे?"

"काही नाही. रागाच्या भरात लिहू नये, एवढंच."

ती थांबली नाही. संचालक वृंदा मॅडमना मेल गेला, वजनांच्या दोन्ही याद्यांसह. त्यात जयदीपचं नाव तिनं स्पष्ट लिहिलं.

रविवारी ती करोल बागेत खरेदीला गेली, पण कशातच लक्ष लागेना. परत आली तेव्हा सिंकमध्ये चहाचे दोन कप होते.

"कोण आलं होतं?"

"खालचे शर्माजी," पेपरातून मान वर न करता विश्वास म्हणाला.

सोमवारी आठ वाजता वृंदा मॅडम स्वतः फाटकावर उभ्या होत्या, शेजारी कुमुद. जयदीप आला आणि दोघींना पाहून जागच्या जागी थबकला. बॅग त्यानं आपणहून खाली ठेवली.

"वर चल," मॅडम म्हणाल्या. "ती बॅग घेऊन."

भांडारात टेबलावर नऊही हाडं मांडलेली होती. मॅडमचं अख्खं आयुष्य जीवाश्मांत गेलेलं. आठ जड हाडांना त्यांनी एकेक करून भिंग लावलं, कडा निरखल्या, मग सतरा नंबरच्या हाडाचं टोक जिभेला टेकवलं. ते किंचित चिकटलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"कुमुदजी, जीवाश्म हाड जिभेला असंच चिकटतं, हे अस्सल आहे. आठही अस्सल आहेत." त्यांनी नववं, जुन्या वजनाचं हाड उचललं आणि खिळ्यानं खालून खरवडलं. पांढरी भुकटी सांडली. "हे प्लास्टर. गेल्या वर्षी तुम्ही नऊच्या नऊ प्लास्टरच मोजलं होतं."

कुमुदनं भुकटीला बोट लावून पाहिलं. "म्हणजे हा..."

"हा नेत नव्हता. आणून ठेवत होता." मॅडम जयदीपकडे वळल्या. "कोणाकडून?"

"मॅडम, मी नमुन्यासाठी छिद्र पाडलं तेव्हा प्लास्टर लागलं. शोधत गेलो, माणूस सापडला. हाडं परत देतो म्हणाले, फक्त नाव नको. एकेक आणत गेलो, प्लास्टरची इथेच फोडून टाकली. मी शब्द दिलाय."

"मग चौकशी तुझ्यावर बसेल. नोकरी जाईल तुझी, कळतंय ना?"

"बिल्कुल कळतंय."

कुमुदला भरून आलं. या पोराचं नाव तिनं स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं. "जयदीप, नाव सांगून टाक. ज्यानं हे केलं त्याची गय करू नकोस. मी आहे तुझ्या पाठीशी."

त्यानं पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही नका ना विचारू, ताई."

मॅडमनी बॅगेची चेन ओढली, आतलं गाठोडं टेबलावर सोडलं आणि खरं नववं हाड अलगद बाहेर काढलं. त्याभोवतीचं मऊ, विटलेलं कापड जमिनीवर घसरलं. कुमुदनं सवयीनं ते उचललं आणि घडी घालायला झटकलं.

लहान बाळाचं दुपटं होतं ते. कोपऱ्यात लाल दोऱ्यानं नाव भरलेलं होतं, 'स्वानंदी'. लेकीच्या बारशाच्या आदल्या दिवशी कुमुदनंच ते भरलं होतं.